वाचलेल्या सात रजया

मित्रांनो, पिंजलेल्या कापसाच्या ढिगात कापूस फार थोडा असतो. बाकी सगळी हवा. मूठभर रुई माझ्या तातेखाली आली की टोपलीभर होते, आणि पाहणाऱ्याला वाटते, केवढी वाढली! खरे तर वाढलेले काहीच नसते. तंतू एकमेकांपासून दूर झालेले असतात आणि मधल्या जागेत वारा शिरलेला असतो. हे मी साठ वर्षे पाहत आले आहे, कारण मी पिंजाऱ्याची धुनकी आहे. सागवानी दांडा, त्याच्या एका टोकाला रुंद फळी, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली बकऱ्याच्या आतड्याची तात. डमरूसारख्या लाकडी मुठियाने तातेवर ठोका दिला की मी थरथरते आणि कापूस उडू लागतो.

मला वजीरमियाँनी घडवून घेतले. माझे लाकूड कारंज्याकडचे. मला खांद्यावर टाकून ते देवळीहून निघायचे, ते आंजीपर्यंत गावोगाव फिरायचे. लग्नघरी अंगणात बसले की सकाळच्या उन्हात सगळीकडे पांढरे तंतू तरंगत. ते मियाँच्या भुवयांवर बसत, गोठ्यातल्या गाईच्या पाठीवर बसत, आणि थोड्या वेळाने ते अंगण जमिनीवर आहे की ढगात, हे मलाही सांगता येत नसे. सोबत आलेल्या आपल्या लहानग्या मुलाला, शब्बीरला, मियाँ म्हणायचे, "पाह्य बेटा. कयामतीच्या दिवशी मोठमोठे पहाड असेच उडतीन, पिंजलेल्या लोकरीवानी. मंग माणसाची माया कुठं टिकन?" शब्बीर मान डोलवायचा आणि उडणारे तंतू पकडायचा. मूठ उघडली की तिच्यात काही नसायचे.

मियाँ गेले. शब्बीर मोठा झाला, आणि हुशार निघाला. त्याने देवळीच्या बसस्टँडजवळ दुकान घेतले, पिंजायची मशीन आणली. मी चार दिवसांत जेवढे पिंजत असे, तेवढे ती दुपारच्या जेवणाआधी पिंजून टाकी. मला घरच्या छपरीत टांगले. शब्बीरची बायको खैरुनबी माझ्या दांड्यावर ओले कपडे वाळत घालू लागली. मला वाईट वाटले, पण तिचा दोष नव्हता. दांडा सरळ होता आणि उन्हात होता.

चार वर्षांमागे दिवाळीनंतर शब्बीरने भाव पडलेला पाहून पुष्कळ रुई घेतली. गोदाम छतापर्यंत भरले. त्या आनंदात तो घरी म्हणाला, "पांदणीजवळच्या गोंडांच्या वीस खोपट्या हायेत ना, या साली त्यायले वीस रजया देतो. सदका, अल्लाच्या नावानं दान."

खैरुनबी लगेच खोळी शिवायला बसली. पण रुई काही घरी येईना.

"अवो, रुई कधी पाठवता?"

"लग्नाचा मोसम जाऊ दे. आता एकेक किलोले भाव हाय."

"थंडी तुमच्या मोसमासाठी थांबून राह्यली का?"

"तू तं वकीलच झाली असती."

"झाली असती तं पह्यली केस तुमच्यावरच लावली असती."

शब्बीर हसला आणि सात रजयांपुरती रुई पाठवून दिली. खैरुनबीने आणि तिची मुलगी तरन्नुम हिने त्या भरल्या, टाके घातले आणि पांदणीवर नेऊन दिल्या. तेरा खोळी घडी घालून पेटीत राहिल्या.

मित्रांनो, आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. जुन्या गादीचा कापूस पिंजताना आत खडा, पिन असे काही असले, तर माझी तात बोलते. तिचा लांब सूर मध्येच तुटतो आणि 'टक्' असा बोथट आवाज येतो. पिंजारी तिथेच हात थांबवतो. मशीनला असा कान नसतो. म्हणून तिच्यात जुना कापूस टाकण्याआधी तो हातांनी उकलून पाहावा लागतो. एका सकाळी गिऱ्हाईक घाई करत होते. शब्बीरने उकलून न पाहता कापूस मशीनमध्ये टाकला. आत गादी शिवायच्या दाभणाचे तुटके टोक होते. लोखंडावर लोखंड घासले आणि एक ठिणगी पडली. कापसात भरलेली हवाच आगीला पुरली. पाऊण तासात दुकान, मशीन, गोदाम सगळे गेले. माणसे वाचली.

ती गादी कोणी शिवली होती, हे शब्बीरने कोणालाच सांगितले नाही. ती माझ्याच तातेवर पिंजलेल्या कापसाची होती, आणि ती शिवताना तुटलेले दाभण शब्बीरचे होते.

मशिदीतले इमामसाहेब घरी आले. शब्बीरने खाली मान घालून त्यांना तेरा रजयांबद्दल विचारले. ते म्हणाले, "तुम्ही मन्नत मागितली नव्हती, मर्जीचा सदका होता. आता मालच राहिला नाही. तुमच्यावर बोजा नाही."

हे ऐकून शब्बीरला हलके वाटायला हवे होते. त्या रात्रीपासून त्याची झोपच उडाली.

आठ दिवसांनी खैरुनबीने माझ्यावरचे कपडे काढले. शब्बीरने मला पुसले, नवी तात चढवली आणि खांद्यावर घेतले. बापासारखा तो गावोगाव निघाला. फक्त पांदणीचा जवळचा रस्ता सोडून लांबच्या सडकेने जायचा. तेरा खोपट्यांसमोरून जायची त्याला लाज वाटे.

पण एके दिवशी सडकेचे काम निघाले आणि पांदणीनेच यावे लागले. पहिल्या खोपटीपुढे भागाबाई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. म्हातारी, वाकलेली, पण नजर तीक्ष्ण.

"थांब गा भाऊ. तुह्या गोदामातलं काही वाचलं का?"

"काही नाई, बाई. राख झाली."

"काऊन खोटं बोलतं? सात रजया वाचल्या ना."

तिने खोपटीच्या दाराकडे हात केला. आत खाटेवर हिरव्या खोळीची रजई घडी करून ठेवलेली होती.

"एक रात माही, एक रात शेजारच्या ज्योत्स्नाच्या लेकराची," ती म्हणाली. "गरम हाय. तुह्या बायकोचा टाका लय बारीक."

मी त्याच्या खांद्यावर होते. त्याने मला खाली उतरवले आणि दारातूनच ती रजई पुन्हा पाहिली.

घरी येऊन त्याने हे सांगितले तेव्हा खैरुनबीने हातातली शिवण खाली ठेवली. मग तरन्नुमला म्हणाली, "आपल्या पैगंबर नबींच्या घरी एकदा बकरी कापली होती. सगळं गोरगरिबायले वाटून झालं. नबींनी विचारलं, काय उरलं? घरातून सांगितलं, फक्त खांदा उरला. तं ते म्हणाले, खांदा सोडून सगळं उरलं."

दुसऱ्या दिवशी आम्ही आंजीच्या रूपरावांकडे गेलो. त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या गाद्या पिंजून झाल्या. रूपराव खिशात हात घालू लागले, तर शब्बीर म्हणाला, "अर्धी मजुरी रुईत द्या, भाऊ."

"रुई काऊन? घर चालवाले पैसे लागत नाई का?"

"तेरा रजया बाकी हायेत."

"इमामसाहेबानं माफ केल्या म्हणे."

"त्यायनं केल्या. मले करता येत नाई."

अशी अर्धी अर्धी मजुरी साठत गेली. थंडी संपली. होळी झाली. तेरावी रजई भरली तेव्हा पळस फुलून गळून गेला होता. भर चैत्रात, डोक्यावर गाठोडी घेऊन नवराबायको पांदणीवर गेले. शब्बीरच्या कानामागून घाम वाहत होता. मीही होते, वाटेत काम मिळाले तर म्हणून.

ज्योत्स्ना तोंडावर पदर धरून हसली. "एवढ्या तपनीत रजई, चाचा?"

"उशीर झाला, पोरी," शब्बीर म्हणाला.

भागाबाईने तेराही रजया एकेक करून दाबून पाहिल्या, आणि म्हणाली, "झाला तं झाला. थंडी काई चुकत नाई, ते येतेच."

मित्रांनो, मी आता म्हातारी झाले आहे. मला पुसून ठेवा, जपा, असे मागणे मागणार होते. पण ते राहू द्या. माझे मागणे वेगळे आहे. जे द्यायचे ठरवले आहे, ते गोदामात ठेवू नका. तिथे ते तुमचेही नसते आणि कोणाचेच नसते.