उशीर कुणाचा

"हा पडदा उशीर करतो की नाही, एवढंच सांगा मला," क्रेनवाल्याने काउंटरवर दोन्ही हात टेकत विचारले.

दुकानातल्या बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले. कुणी रंग फिका दिसतो म्हणून येई, कुणी आवाज येत नाही म्हणून. पडदा उशीर करतो अशी तक्रार घेऊन पन्नाशीचा माणूस पहिल्यांदाच आला होता.

"कशात उशीर करतो, काका?"

"गेममध्ये. मोटारसायकलची शर्यत आहे. मी इकडे बटण दाबतो आणि गाडी तिकडे सावकाश विचार करून वळते. जुन्या डबड्यावर असं होत नव्हतं."

बाईंना हसू आले होते, पण ते त्यांनी गिळले. "करतो. थोडासा करतो उशीर. जुने डबे चित्र आलं की तसंच समोर फेकायचे. हे चपटे आधी चित्र घेतात, नीटनेटकं करतात, मग दाखवतात. पण काका, पापणी लवते ना, त्याच्याही आत होऊन जातं ते सगळं. माणसाला कळत नाही."

"मला कळतो," तो म्हणाला.

"मग जुनाच ठेवा. रविवारी सकाळी टेम्पो येईल, दोन्हींतला नको तो देऊन टाका. चपटा दिलात तर तुमच्या लेकीने भरलेले पैसे मी तिला परत करते."

क्रेनवाला दुकानातून बाहेर पडला तो लॉटरी लागल्यासारखा. करतो, थोडासा करतो उशीर. हे वाक्य त्याने रस्ताभर तोंडात खडीसाखर धरावी तसे धरून ठेवले. खरे तर त्याला पडद्याचे काही पडले नव्हते. तो चपटा असो, चौकोनी असो, त्याला भीती होती ती स्वतःच्या उजव्या हाताची. आणि आता कुणीतरी शिकलेसवरलेले माणूस, दुकानाच्या काउंटरमागून, छातीठोकपणे सांगत होते की दोष पडद्याचा आहे.

माल उतरवायच्या यार्डात त्याला सगळे घार म्हणत. उंच केबिनमध्ये बसायचा आणि खाली जमिनीवर आखलेल्या पांढऱ्या चौकटीत लोखंडाचे अजस्र ओझे असे अलगद टेकवायचा की धूळसुद्धा उडू नये. खाली उभा राहून त्याला हाताने खुणा करणारा माणूस गळ्यात नेहमी शिट्टी अडकवून फिरे, म्हणून त्याचे नाव शिट्टी. शिट्टीने तळहात वर केला की घारीने थांबायचे. इतकी वर्षे हे असेच चालले होते. दोघे एकमेकांशी फारसे बोलतही नसत. बोलायची गरजच पडत नसे.

आणि मग मागच्या महिन्यात पाइपांचा एक जुडगा खाली येत असताना शिट्टीने तळहात वर केला आणि जुडगा थांबला नाही. म्हणजे थांबला, पण जरा पुढे जाऊन. शिट्टीने पाय मागे ओढला म्हणून वाचला.

"काय घारभाऊ, झोप लागली काय?" खालून तो ओरडला. हसत होता, पण त्याचा आवाज चिरका झाला होता.

"ब्रेक ढिला झालाय," घार वरून ओरडला.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने ब्रेक खोलून पाहिला आणि "ठणठणीत आहे" म्हणून पुन्हा बसवला. पण त्या दिवसापासून केबिनची शिडी चढण्याआधी क्रेनवाला उजवी मूठ दोनदा उघडून-मिटून बघू लागला. शिट्टीचा हात वर जाताना दिसला की त्याला वाटे, आपल्याला दिसले का? दिसले. हाताला कळले का? तिथे मात्र उत्तर येण्यापूर्वी एक बारीकशी पोकळी असे.

कारण त्याने हे आधी पाहिले होते. त्याचे वडील शिंपी होते. कापडावर सरळ धावणारी त्यांची कात्री एक दिवस मध्येच थांबली आणि वडील तिच्याकडे, कुणी परक्याने आपल्या हातात दिल्यासारखे, बघत बसले. मग हात सांगितल्यावर उशिरा उठू लागला. पुढे पुढे तर घास तोंडापाशी येईपर्यंत निवून जायचा. वडील उजवा हात मांडीखाली दाबून बसत, म्हणजे कुणाला दिसू नये. शेवटची सगळी वर्षे त्यांना भरवायचे काम क्रेनवाल्याच्या बायकोने केले होते, न कुरकुरता.

आता घरात दोघेच. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली आणि जाताना तिचा कॉम्प्युटर, तो अवजड मॉनिटर आणि मोटारसायकलच्या शर्यतीचा गेम मागे ठेवून गेली. पडद्याचे दोन भाग व्हायचे. डावीकडे त्याची लाल गाडी, उजवीकडे बायकोची पिवळी. जेवण झाले की दोघे दोन पॅड घेऊन बसत. नियम एकच होता, हरेल त्याने भांडी घासायची. सुरुवातीला भांडी आलटून पालटून असत. गेले वर्षभर मात्र ती बायकोकडेच होती.

"तुझा हात आता घासणीलाच सरावलाय," तो चिडवायचा. "गाडीबिडी तुझं काम नाही."

"असू द्या, असू द्या," ती म्हणायची आणि पदर खोचून उठायची.

मग मुलीने हा चपटा पडदा पाठवला. "बाबा, ते खोकं काढून टाका, डोळे फुटतील दोघांचे," असे तिने फोनवर बजावले. बायकोने हौसेने टेबल पुसून तो मांडला आणि पहिल्याच संध्याकाळी क्रेनवाला हरला. दुसऱ्या संध्याकाळीही हरला. पुलाच्या वळणावर त्याची लाल गाडी दर वेळी कठड्याला घासायची आणि पिवळी पुढे निघून जायची. तिसऱ्या दिवशीही भांडी त्यालाच घासावी लागली. चौथ्या दिवशी तो दुकानात गेला.

शनिवारी संध्याकाळी, टेम्पो यायच्या आदल्या दिवशी, त्याने बोळातून जुना मॉनिटर उचलून आणला. पोटाशी धरून, मागे रेलून, एखादे गुबगुबीत पोर कडेवर घ्यावे तसा. बायको "सांभाळून हो, सांभाळून," म्हणत मागे हात धरून चालत होती. दोन्ही पडदे शेजारी शेजारी ठेवले. टेबलावर तांब्या ठेवायलाही जागा उरली नाही.

"आता दूध का दूध होऊन जाऊ दे," तो म्हणाला.

आधी चपट्यावर खेळले. तो हरला. वायर काढून जुन्याला लावली. जुना पडदा आधी गुणगुणला, मग त्याच्यावर चित्र उमलत आले. क्रेनवाल्याने श्वास रोखून पॅड धरला. पुलाच्या वळणावर दोन्ही गाड्या बरोबर आल्या आणि लाल गाडी एका चाकाने पुढे निघाली. तो जिंकला. पुन्हा खेळले. पुन्हा जिंकला.

"बघितलंस!" तो उठून उभाच राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आले होते आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती. "हात माझा शाबूत आहे! तो चपटाच हरामखोर आहे. आणि ब्रेकही ढिलाच होता, तो मेकॅनिक काय, डोळे झाकून बघतो सगळं."

महिनाभर छातीवर बसलेला धोंडा उतरला होता. त्याने लगेच मुकादमाला फोन लावला. सोमवारी यार्डात तेलाची मोठी टाकी उचलायची होती. ती जागेवर बसवताना तिच्या अगदी पोटाखाली माणसे उभी राहणार होती, आणि मुकादम आठवडाभर त्याला विचारत होता, जमेल ना? तो आठवडाभर टाळत होता.

"सोमवारची टाकी मीच उचलतो, साहेब," तो फोनवर म्हणाला. "खाली शिट्टीला ठेवा. अहो, अगदी डोळे मिटून."

फोन ठेवून तो वळला. बायको मोरीपाशी हातात पातेले घेऊन उभी होती. नळ वाहत होता.

"मुकादमांना परत फोन करा," ती म्हणाली.

"का?"

"टाकी दुसऱ्या कुणाला उचलू दे."

"आत्ता बघितलंस ना तू? दोनदा जिंकलो."

"बघितलं." तिने नळ बंद केला. "मी हरत होते."

"हरलीसच की."

"मुद्दाम हरत होते. पुलाच्या वळणावर तुमची गाडी येईपर्यंत ब्रेक धरून ठेवते मी. वर्ष होत आलं."

त्याला आधी हे समजलेच नाही. तो तसाच हसऱ्या तोंडाने तिच्याकडे बघत राहिला. मग ते हसू चेहऱ्यावरून कधी गेले ते त्यालाही कळले नाही.

"आणि त्या चपट्यावर?"

"त्याच्यावर मला मागं राहायचा अंदाजच येईना हो." तिने पातेले ओट्यावर ठेवले. "कधी धरायचं, कधी सोडायचं, सगळं चुकत होतं. ब्रेक धरलाय असं वाटायचं आणि गाडी पुढं गेलेली असायची. रोज ठरवायचे, आज नीट हरायचं म्हणून."

क्रेनवाला खुर्चीवर बसला. त्याचा उजवा हात आपणहून मांडीखाली गेला. तो तिने पाहिला आणि तिने तो पाहिला हे त्यानेही पाहिले.

"सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगणार? एकदा सलग तीनदा हरलात तेव्हा असाच हात दाबून बसला होतात. सासऱ्यांचं मी केलंय, मला कळत नाही का? दुसऱ्या दिवशी मी हरले आणि तुम्ही हात बाहेर काढलात, मला टाळी मागितलीत. मला वाटलं, घरात तुम्ही जिंकलात तर कुणाचं काय बिघडतं? हाच भरवसा घेऊन तुम्ही त्या केबिनमध्ये चढाल हे माझ्या टाळक्यातच आलं नाही." ती ओल्या हातांनी डोळे पुसू लागली. "पाइपांचं तुम्ही मला सांगितलंच नाहीत. परवा शिट्टीभाऊंची बायको बाजारात भेटली, तिनं सांगितलं. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. तरी आजही धीर झाला नाही, ब्रेक धरलाच."

त्याच्या डोळ्यांपुढे शिट्टीचा वर केलेला तळहात आला. त्या तळहातावर टाकीची सावली पडत होती आणि सावली थांबत नव्हती. एवढा तो आयुष्यात कधी घाबरला नव्हता, वाऱ्याने केबिन हलायची तेव्हाही नाही.

"चल, बस," तो म्हणाला.

"नको हो."

"बस म्हणतो ना. ह्या जुन्यावरच. हा उशीर करत नाही. आणि आता मागं राहायचं नाही. माझी शपथ आहे तुला."

ती बसली. शर्यत सुरू झाली. पहिल्या सरळ रस्त्यावर गाड्या बरोबर होत्या, कारण तिथे नुसते बटण दाबून धरायचे असते. मग वळणे सुरू झाली. वळण त्याला दिसत होते, अगदी लख्ख दिसत होते. तो अंगठ्याला सांगत होता. अंगठा आधी ऐकून घेत होता, मग दाबत होता. पिवळी गाडी सुसाट निघाली. ती इतकी चांगली चालवते हे तो विसरूनच गेला होता. पूल आला तेव्हा पिवळी गाडी त्याच्या भागातून दिसेनाशी झाली होती. उजव्या भागात पिवळी गाडी रेघ ओलांडून थांबली आणि डाव्या भागात लाल गाडी कठडा घासत पुलावर चढत होती.

"बंद करू?" तिने हळूच विचारले.

"पुरी करू दे."

त्याने शर्यत पुरी केली. एकट्याने, सगळी वळणे घेत. बायको पॅड मांडीवर ठेवून समोर बघत राहिली. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होते, ते तिने पुसले नाही.

मग त्याने फोन घेतला. आकडे दाबायला वेळ लागला. "साहेब, टाकी मी उचलत नाही... नाही, ताप नाही. हात उशीर करतोय माझा. महिनाभर तरी करतोय, मी बोललो नाही... हो. पाइपांच्या वेळीही ब्रेक नव्हता, मीच होतो. शिट्टीला मी स्वतः सांगेन." मग मुकादम काहीतरी म्हणाला आणि क्रेनवाला "हो, डॉक्टरकडे जातो" म्हणाला. "केबिनची चावी सोमवारी आणून देतो."

फोन ठेवल्यावर त्याने चपट्या पडद्याच्या वायरी गोळा केल्या आणि तो त्याच्या खोक्यात उभा केला.

"हा जाऊ दे टेम्पोत," तो म्हणाला. "हा असला की ह्याच्यावर ढकलावंसं वाटतं."

"पोरीला काय सांगायचं?"

"आहे ते सांगू. तिच्यापासून नको लपवायला. वडिलांनी लपवलं, मीही तेच केलं."

तो बाह्या दुमडू लागला. उजव्या हाताने डावी बाही लवकर दुमडली जाईना. ती पुढे झाली आणि थांबली. त्याने दुमडली.

"राहू द्या, मी करते भांडी," ती म्हणाली.

"हरलो ना मी?"

ती मोरीशेजारच्या स्टुलावर बसली. पातेली झाली, ताटे झाली. शेवटी काचेचे पेले राहिले. त्याने एक पेला उचलला, उजवा हात तिथवर पोहोचेपर्यंत डाव्या हाताने खालून धरून ठेवला, आतून फिरवून धुतला, उजेडात धरून पाहिला आणि ओट्यावर अलगद पालथा टेकवला. काचेचा आवाजही झाला नाही. मग त्याने दुसरा घेतला. तिला उठून त्याच्या हातातून तो काढून घ्यावासा वाटत होता. ती बसून राहिली.