बाई ‘क’ गटात जातात

गणिताच्या बाईंचा आवाज शाळेत प्रसिद्ध होता. त्या सातवीला अपूर्णांक शिकवायला लागल्या, की खालच्या मजल्यावर चित्रं काढत बसलेल्या मुलांनाही अंश आणि छेद कळायचे, असं चित्रकलेचे सर सांगायचे. आणि ते काही कौतुकाने सांगायचे नाहीत.

त्या वर्षी सुट्टी संपून शाळा उघडली, तेव्हा सातवीतला फळा गायब झाला होता. त्याच्या जागी भिंतभर पडदा. प्रत्येक बाकावर टॅबलेट, प्रत्येक टॅबलेटला हेडफोन. कंपनीकडून एक प्रशिक्षक आला होता. नुकतीच दाढी राखायला लागलेला, सगळ्यांशी साखर पेरल्यासारखा बोलणारा तरुण. तो म्हणाला, “बाई, आता तुम्ही घसा कोरडा करायचा नाही. शिकवायचं काम ॲप करेल. तुम्ही फक्त लक्ष ठेवायचं.”

“कशावर?”

“ठिपक्यांवर.”

पडद्यावर प्रत्येक मुलाच्या नावापुढे एक ठिपका होता. हिरवा ठिपका म्हणजे अ गट, पिवळा ब, नारिंगी क. ॲप प्रत्येकाला त्याच्या मगदुराप्रमाणे गणितं घालणार, तपासणार आणि या गटातून त्या गटात हलवणार. बाईंनी पेन्शनीला आलेल्या माणसासारखा चेहरा केला आणि खुर्चीत बसल्या.

एक गोष्ट मात्र त्यांना पहिल्याच आठवड्यात मनापासून आवडली. वह्यांचा गठ्ठा घरी न्यायचा नव्हता. ॲप झटक्यात सगळं तपासून मोकळं व्हायचं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बाईंचा संध्याकाळचा चहा गरम असतानाच संपायला लागला. त्यामुळे यंत्राला शिव्या द्यायच्या, तर त्या जरा हात राखून द्याव्या लागत होत्या.

पण वर्ग! वर्गात चिडीचूप. सगळ्यांच्या कानांवर हेडफोन, माना खाली. बाईंनी टेबल पुसलं. मग कपाट पुसलं. मग टेबल पुन्हा पुसलं. एरवी दर वाक्याला हरकत घेणारा, वर्गाने ‘वकील’ असं नाव ठेवलेला मुलगासुद्धा गप्प होता. आणि ‘मुंगी’ म्हणून सगळे जिला हाक मारायचे, ती बारीकशी, अबोल मुलगी नारिंगी ठिपक्यात होती.

हे बाईंना खटकलं. मुंगी बोलायची कमी, पण गणित धरलं की सोडायची नाही. गेल्या वर्षी तिने एका उदाहरणापायी डबा खायचा राहू दिला होता.

“काय गं, कुठे अडतंय?” बाईंनी तिच्या बाकापाशी वाकून विचारलं.

मुंगीने एका कानावरचा हेडफोन जरासा सरकवला. “कुठेच नाही, बाई.”

“मग क गटात कशी?”

तिने खांदे उडवले आणि हेडफोन जागेवर बसवला. संभाषण संपलं.

असा जबाब बाईंना पचणारा नव्हता. त्याच संध्याकाळी त्या घरी टॅबलेट घेऊन बसल्या आणि सातवीची विद्यार्थिनी म्हणून ॲपमध्ये शिरल्या. ॲपने नाव विचारलं. स्वतःचं खरं नाव कसं घालणार? त्यांनी लिहिलं, ‘भिंगरी’. लहानपणी त्या घरात सगळ्यांत संथ, म्हणून आईने गमतीने ठेवलेलं नाव. पुढे पालकाचा मोबाइल नंबर हवा होता. बाईंना तोंडपाठ असलेला दुसरा नंबर एकच होता. आईचा. तोच ठोकून दिला.

पहिलं गणित आलं. एका कलिंगडाचे चार भाग केले, त्यांतला एक खाल्ला, तर कलिंगडाचा किती भाग उरला?

“भाग सारखे केले का, ते कुठे लिहिलंय?” बाई टॅबलेटला म्हणाल्या. त्यांनी प्रश्न पुन्हा वाचला. मुलं इथे काय चूक करतील याचा विचार केला. उठून गॅस बंद केला. मग उत्तर लिहिलं. बरोबर आलं. पुढचीही सगळी बरोबर आली. शेवटी पडद्यावर एक हसरं अस्वल नाचत आलं आणि म्हणालं, “हिंमत सोडू नकोस, भिंगरी! तू क गटात आहेस.”

“काय?” बाई इतक्या मोठ्याने ओरडल्या, की शेजारच्यांनी खिडकी उघडली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. आता तर गणितं आणखी सोपी झाली होती. इतकी सोपी, की बाईंना त्यात काहीतरी गोम असणार असं वाटायला लागलं, आणि त्या आणखी वेळ घ्यायला लागल्या. अस्वल पुन्हा नाचलं. पुन्हा क.

जेवताना आईने फोन पुढे केला. आई म्हणजे आयुष्यभर दवाखान्यात नर्स म्हणून काम केलेली, अख्खा वॉर्ड धाकात ठेवलेली बाई. वय झालं होतं, धाक तेवढाच होता.

“भिंगरे, हे काय आहे? ‘आपल्या पाल्याला अपूर्णांकांत मदतीची गरज आहे.’ या वयात मला हे बघायला लागावं?”

“अगं आई, ते ॲपचं आहे. मी नुसतं बघत होते.”

“बघत होतीस म्हणूनच. लहानपणीही नुसती बघत बसायचीस.” आईने चष्मा काढला. “आणि दुसऱ्यांच्या पोरांना शिकवतेस!”

बाईंनी मान खाली घालून जेवण उरकलं.

खरी पंचाईत शाळेत झाली. भिंतीवरच्या पडद्यावर, मुंगीच्या नावाखाली, एक नवा नारिंगी ठिपका लुकलुकत होता. वकिलाने तो लगेच हेरला.

“बाई, ही भिंगरी कोण? नवीन आली का?”

“आहे एक,” बाई म्हणाल्या.

“येत नाही का शाळेत?”

“येते. म्हणजे, बसते मागे कुठेतरी.”

वर्गाला भिंगरीची फार दया आली. मधल्या सुट्टीत दोघेतिघे बाईंच्या टेबलाभोवती जमले. वकील आवाज खाली आणून म्हणाला, “बाई, तिला सांगा, एक युक्ती आहे. प्रश्न वाचायचाच नाही. भराभर तीनदा काहीतरी चुकीचं दाबायचं. मग ॲपला वाटतं आपल्याला येत नाही, आणि ते पूर्ण रीत दाखवतं. तीच आकडे बदलून पुढच्या गणिताला लावायची. झटपट. चुका ते मोजत नाही, वेळ मोजतं.”

“तुला कसं ठाऊक?”

“मी अ गटात आहे ना, बाई!” तो छाती काढून म्हणाला. मग काय बोलून बसलो हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याचे कान लाल झाले.

बाईंना हसावं की रडावं कळेना. म्हणजे हिरव्या ठिपक्यांतले निम्मे हे असले. आणि मुंगी प्रश्न नीट वाचते, विचार करते, म्हणून नारिंगी. तिला सोपी गणितं, मग त्याहून सोपी. क गटाला आत जायचं दार होतं, बाहेर यायचं नव्हतं.

त्या मुख्याध्यापकांकडे गेल्या. मुख्याध्यापक नव्या पडद्यांवर बेहद्द खूश होते. “बाई, शनिवारी क गटाच्या पालकांची सभा आहे. प्रशिक्षकही येतोय. तिथे बोलू,” म्हणून त्यांनी विषय गुंडाळला.

शनिवारी सातवीच्या वर्गात पालक बाकांवर अंग चोरून बसले, शेजारी त्यांची मुलं. मुंगीचे वडील टोपी मांडीवर ठेवून खाली बघत होते. वकील नारिंगी नव्हता, पण कुठे काही होणार म्हटलं की तो दाराशी असायचाच. प्रशिक्षक पडद्यावर आलेख दाखवत असताना दार उघडलं, आणि काठी टेकत बाईंची आई आत आली. ठेवणीतली साडी, हातात फोन.

बाईंनी पदर कपाळाला लावला.

“या आजी, बसा,” प्रशिक्षक लगबगीने म्हणाला. “आपण कोणाच्या पालक?”

“भिंगरीच्या.”

वर्गभर कुजबुज झाली. मुलांनी माना उंचावून भिंगरीला शोधायला सुरुवात केली.

“भिंगरी आली नाही का?” मुख्याध्यापकांनी विचारलं.

“आली आहे की. ती काय, तुमच्या शेजारी उभी आहे. घाम पुसतेय.”

एक क्षण कोणाला काही उमगेना. मग दाराशी उभा वकील किंचाळला, “बाई! भिंगरी म्हणजे बाई!” आणि जो हास्याचा स्फोट झाला, तो खालच्या मजल्यावर चित्रकलेच्या सरांनाही ऐकू गेला असणार. मुंगीसुद्धा तोंडावर हात ठेवून हसत होती. मुख्याध्यापक हसावं की रागवावं या पेचात असतानाच हसून बसले.

आईला मात्र हसू आलं नव्हतं. “माझी मुलगी जेवायला बसली, की सगळ्यांची ताटं घासून व्हायची, तरी हिचा भात तसाच,” ती प्रशिक्षकाला म्हणाली. “पण उपाशी कधी उठली नाही. तिची गणितं चुकली का?”

प्रशिक्षकाने टॅबलेटवर पाहिलं. “नाही आजी. सगळी बरोबर आहेत.”

“मग?”

“वेळ जास्त लागला.”

“गाडी पकडायची होती का कुणाला?”

मुंगीचे वडील उठून उभे राहिले. त्यांनी टोपी बाकावर ठेवली. “साहेब, आमचीची पण गणितं बघा ना जरा.”

मग एकेक पालक उठले. मुंगीची सगळी उत्तरं बरोबर निघाली, बाकीच्यांतल्या कितीतरी जणांचीही. काहींची खरंच चुकली होती, ते त्यांच्या पालकांनी मान्य केलं. बाईंनी घसा साफ केला आणि कोणाचं नाव न घेता तीनदा चुकायची युक्ती सांगितली. दारातला वकील हळूच दिसेनासा झाला.

प्रशिक्षक माणूस वाईट नव्हता. तो बराच वेळ टॅबलेटमध्ये खुडबुड करत राहिला आणि ओशाळून म्हणाला, “वेळ न मोजायची सोय आहे यात. आणि रीत इतक्या लवकर न दाखवायचीही. मला कधी कोणी विचारलंच नाही.”

“आता मी विचारतेय,” बाई म्हणाल्या.

सोमवारी ठिपक्यांची नुसती गाळण उडाली. हिरवे पिवळे झाले, पिवळे नारिंगी, नारिंगी हिरवे. वकील सरळ क गटात कोसळला आणि त्याने तिथे न्यायाची मागणी केली. बाईंनी त्याची खुर्ची आपल्या खुर्चीशेजारी ओढली आणि त्याला प्रश्न मोठ्याने वाचायला लावला. पहिल्यांदाच वाचत असल्यामुळे त्याला तो बराच रंजक वाटला.

पडदा राहिला, टॅबलेट राहिले. तपासण्याचं काम बाईंनी यंत्राकडेच ठेवलं, त्याबाबतीत त्यांना काही ऐकून घ्यायचं नव्हतं. फक्त आता त्या टेबल पुसत बसेनात. ठिपके पाहून कोण कुठे रेंगाळलंय ते हेरायचं आणि तिथे, त्याच्याच बाकावर, जाऊन बसायचं. अर्धा तास हेडफोन, अर्धा तास गलका. शेजारच्या वर्गातून तक्रारी यायला लागल्या.

हे नवं काम बाईंना वाटलं तेवढं सोपं गेलं नाही. शिकवण्यापेक्षा गप्प बसणं भलतंच अवघड होतं.

एका दुपारी त्या मुंगीशेजारी बसल्या होत्या. तिला अ गटातलं गणित आलं होतं. एक टाकी एक तृतीयांश भरलेली आहे, तिच्यात दहा लिटर पाणी ओतल्यावर ती अर्धी भरली, तर टाकी किती लिटरची? मुंगीने वहीच्या मागच्या पानावर टाकी काढली. तिचे तीन भाग केले. मधल्या भागात ‘१०’ लिहिलं आणि खाली उत्तर लिहिलं, तीस.

बाईंचा हात आपोआप पेन्सिलीकडे गेला. वर्षानुवर्षांची सवय. त्यांनी तो हात मांडीखाली दाबून धरला.

मुंगी तीसवर बोट ठेवून बसली. बोट मग टाकीवर गेलं. “पहिले दहा,” ती पुटपुटली. “वर दहा. वीस. पण तिसाचे अर्धे...” तिच्या कपाळावर आठी आली. बाईंनी तोंड उघडलं.

“थांबा बाई, सांगू नका,” मुंगी म्हणाली आणि खोडरबर शोधायला लागली.