चेन्नईचे पाच दिवस

चेन्नईत पाच दिवस पाहण्यासारखं काय आहे, या प्रश्नाने माझ्या नाकी नऊ आणले होते. विशाखापट्टणचे दोन दिवस आरामात निघत होते. समुद्र, डोंगरावरचं देऊळ, किनाऱ्यावर आणून ठेवलेली ती पाणबुडी. पुदुच्चेरीला एक दिवस पुरे होता. पण चेन्नईला पाच म्हणजे पाचच दिवस हवे होते, आणि त्यातला एकही रिकामा दिसून चालणार नव्हता.

"संग्रहालय," मी म्हणालो. "शिबेनदा, संग्रहालयाला अख्खा दिवस टाका."

"टाकतो. पण निरापद, तू जन्मात कधी संग्रहालयाची पायरी चढला आहेस का?"

"तुम्ही लिहा हो."

शिबेनदा पाल रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. आमच्या बंगालातल्या काटोआच्या गल्लीतून कुणीही पुरीला निघो की दार्जिलिंगला, आधी त्यांच्या ओट्यावर बसून चहा पीत सहल लिहून घ्यायची, असा रिवाजच पडला होता. गाड्यांच्या वेळा त्यांना तोंडपाठ. त्यांनी वहीत संग्रहालय लिहिलं, मग दीपगृह, मग मगरींची बाग, आणि पेन खाली ठेवलं.

"अजून दीड दिवस उरतोय. खरं सांगू का? बायकोला सांगून टाक."

"सांगितलं तर ती उंबरठा ओलांडणार नाही."

"आणि तिथे पोचल्यावर काय सांगशील? मगरी बघायला चाललोय म्हणून इस्पितळाच्या दारात उभी करशील?"

"पाय धरीन," मी म्हणालो. तेवढाच बेत होता माझा, खोटं कशाला बोलू. चाळीस वर्षं पाटबंधारे खात्यात नकाशे काढले, कुठलं पाणी कुठून कुठे जाईल ते अचूक सांगायचो. घरच्या बाबतीत मात्र पुढचं एक पाऊल दिसत नव्हतं.

झालं होतं असं. इलाच्या, माझ्या बायकोच्या, छातीत गाठ निघाली. इथल्या डॉक्टरने तिला सांगितलं, गाठ साधी दिसते, पण तपासू. पंधरा दिवसांनी रिपोर्ट आणायला मी एकटा गेलो. डॉक्टर म्हणाले, "हाजराबाबू, कॅन्सर आहे. अजून हातात आहे, पण महिना घालवू नका. चेन्नईला न्या." त्यांनीच तिथे फोन लावला. चौदा सप्टेंबरची तारीख मिळाली. तपासण्यांना पाच दिवस, ऑपरेशन त्यानंतर. मी घरी आलो आणि इलाला म्हणालो, रिपोर्ट चांगला आहे.

कारण तिने आधीच बजावून ठेवलं होतं. "गाठ साधी असो नाही तर वाकडी, मी दक्षिणेला जाणार नाही. मेजदीचं पाहिलंय मी." मेजदी म्हणजे तिची मधली बहीण. तीन वर्षांपूर्वी तिचे यजमान, आमचे जामाईबाबू, तिला चेन्नईला घेऊन गेले, आणि आले ते तिच्याशिवाय. तेव्हापासून आमच्या घरात त्या शहराचं नाव कुणी घेत नव्हतं. आम्हाला मूलबाळ नाही. घरात आहे कोण? ती आणि मी. ती गेली तर त्या घरात मी कुणाशी भांडू?

म्हणून ही सहल. समुद्रकाठची मोठमोठी शहरं, आठ दिवस.

घरी इलाने वही हातात घेतली, चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला बसली. मासे चिरता चिरता उठून आली होती, हाताला वास होता.

"अहो, मगरींना एक दिवस?"

"मोठी बाग आहे."

"आणि संग्रहालयाला एक. तुम्हाला तर कोलकात्याचं संग्रहालय बाहेरूनच पुरलं होतं. आत गेलोच नाही आपण, कचोरी खाऊन परत आलो."

"वय झाल्यावर माणसाची आवड बदलते."

"हो का? बघू तरी!" ती हसली. मग पान उलटून म्हणाली, "चेन्नईच का पण?"

मी पाठ करून ठेवलेलं म्हणालो. की विशाखापट्टणहून तिकडे सोयीची गाडी आहे, की एवढं लांब जायचं आणि तेवढंच सोडायचं म्हणजे पाप, की मेजदीचं जे झालं ते झालं, म्हणून काय शहरालाच वाळीत टाकायचं? ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "समुद्र मात्र पोटभर बघायचा. लग्नानंतर पुरीला नेलंत तेव्हा तुमच्या आईला सांभाळण्यातच तीन दिवस गेले."

ती हो म्हणाली. मला एवढं हायसं वाटलं की मीच उठून चहा टाकला. पण घोडं पेंड खायचं ते पुढेच होतं. तिने फळीवरचं पंचांग काढलं.

"नऊ तारखेला निघायचं? आधीच भाद्र महिना, त्यात नऊ तारखेला यात्रा नास्ति. स्वच्छ लिहिलंय. सोळाला निघू."

"तिकिटं काढून झाली."

"मग बदला."

"बदलून मिळत नाहीत, इला." चौदा तारीख कशी बदलून मिळणार होती? माझ्या कपाळावर घाम आला. तिने तो पाहिला, आणि तिला माझी दया आली असावी. म्हणाली, "बरं, मग शुक्रवारी प्रस्थान ठेवू. चार तारीख चांगली आहे. पिशवी पालांच्या घरी नेऊन ठेवली की आपली यात्रा त्या दिवशीच सुरू झाली. मग नऊला खुशाल निघा."

मला काय, पिशवीच काय, मी पलंगही उचलून नेला असता. शुक्रवारी सकाळी साडेआठच्या मुहूर्तावर इलाची एक साडी, माझं एक धोतर, मूठभर तांदूळ आणि सुपारी अशी कापडी पिशवी घेऊन मी गल्लीतून निघालो. देवाचं नाव घेत इला दारात उभी. आता सांगा, काटोआच्या गल्लीत सकाळी साडेआठला एक म्हातारा पिशवी धरून गंभीरपणे चालला आणि शेजारच्याच घरात शिरला, तर लोक काय डोळे मिटून बसतील? नळावरच्या बायकांनी तिथेच विचारलं. कुठली यात्रा? शिबेनदांच्या बायकोने, पुतुलबौदीने, उत्तर दिलं, चेन्नई. तिला यातलं काही माहीत नव्हतं, बिचारी खरं तेच बोलली.

एवढं मला सुचायला हवं होतं. आमच्या गावातून माणसं पुरीला समुद्र बघायला जातात, दार्जिलिंगला बर्फ बघायला जातात. चेन्नईला डॉक्टर बघायला जातात. दुसऱ्या कशासाठी आजवर कुणी गेलेलं नाही. मी मात्र ते नाव भर गल्लीत मिरवून आलो होतो.

रविवारी सकाळी मी अंगणात दाढी करत होतो. मिठाईवाले कुंडूबाबू आत आले. एका हातात संदेशचा डबा, दुसऱ्या हातात जाडजूड फाइल. मी साबणाच्या तोंडाने उठेपर्यंत ते इलासमोर जाऊन बसलेही होते.

"बौदी, हिंमत सोडू नका. आजकाल सगळं बरं होतं."

"काय बरं होतं?" इला म्हणाली.

"कुंडूबाबू, चहा घेणार?" मी ओरडलो.

"घेऊ की. बौदी, तेवढं एक काम करा. माझ्या मूत्रपिंडाचे हे सगळे रिपोर्ट. तुमच्या डॉक्टरांना जमलं तर जाता जाता दाखवा. आणि उतरायचं म्हणाल तर हा पत्ता. मालक आपल्या मेदिनीपूरचा आहे, भात-मासे मिळतात, आणि इस्पितळ समोरच. डॉक्टरांकडे तुमचा नंबर कधीचा आहे?"

"चौदा तारखेचा," इला शांतपणे म्हणाली. वहीत तेराच्या रात्री चेन्नईला पोचायचं होतं आणि चौदाच्या पुढे 'संग्रहालय' लिहिलं होतं. मी संग्रहालयात पाय ठेवणारा माणूस नव्हे, हा हिशेब तिने तिथल्या तिथे लावला. कुंडूबाबूंना चहा दिला, फाइल ठेवून घेतली, दारापर्यंत पोचवायलाही गेली. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. मी अर्धी दाढी तशीच ठेवून पायरीवर बसलो होतो.

ती परत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"परतीची तिकिटं दाखवा."

मी वस्तरा वाटीत बुडवला.

"शिबेनदांनी वहीत परतीची गाडी लिहिली आहे, मी वाचली. तिकीट कुठे आहे? फिरायला जाणारा माणूस आधी परतीचं तिकीट काढतो. जामाईबाबूंनी काढलं नव्हतं. तुम्हीही नाही काढलं. म्हणजे कधी परत यायचं ते तुम्हाला ठाऊक नाही. बरोबर?"

"बरोबर."

"कॅन्सर आहे?"

मला वाटलं होतं, हा शब्द घरात उच्चारला की छप्पर कोसळेल. काही झालं नाही. बाहेर एक भाजीवाला ओरडत गेला. मी म्हणालो, "हो," आणि मग मला रडू फुटलं, साबणासकट. "इला, तुझ्या पाया पडतो. तिथे चल. नंतर मला हव्या तेवढ्या शिव्या दे. तू नसशील तर मला काहीही बघायचं नाही, समुद्र नाही की शहर नाही. मी एकटा काय करू? मला तर भातसुद्धा करता येत नाही."

"चाळीस वर्षांत शिकायला कुणी अडवलं होतं?" ती म्हणाली. पण बोलता बोलता ती माझ्या शेजारी बसली.

तिने पदराने माझ्या गालावरचा साबण पुसला. मग म्हणाली, "तुम्हाला वाटतं मी दक्षिणेला भिते. डॉक्टरला भिते, मरणाला भिते. मी तिथे शेवटचे नऊ दिवस होते, विसरलात? मेजदीला कुणी सांगितलंच नव्हतं. जामाईबाबू तिला म्हणायचे, अंगात रक्त कमी आहे, बरी हो, मग तुला समुद्र दाखवतो. लॉजच्या नोकराला माहीत, रिक्षावाल्याला माहीत, फक्त तिला नाही. ती मला विचारायची, 'इला, रक्त कमी असलं की केस जातात का गं?' आणि मी सांगायचे, हो, जातात. समुद्र तिथून दीड मैलावर होता. तोही तिने पाहिला नाही. मी त्या दिवशी ठरवलं, माझी माणसं माझ्याशी असं वागणार असतील तर मी घरीच मरेन. आणि तुम्ही नेमकं तेच केलंत. वर मगरी दाखवणार होतात."

तिला भीती शहराची नव्हती, फसवणुकीची होती, आणि तिला वाचवायचं म्हणून मी दोन आठवडे वहीत तीच लिहून घेत होतो. मी म्हणालो, "चुकलो."

"चुकलातच. आता ऐका. मी येईन. विशाखापट्टणला दोन दिवस आधी समुद्र. मग चेन्नई. डॉक्टर जे बोलेल ते माझ्यासमोर बोलेल, तुम्हाला बाहेर नेऊन नाही. आणि कोजागरीची लक्ष्मीपूजा मी माझ्या घरात करणार आहे. तेव्हा उद्या जाऊन परतीची तिकिटं काढा. दोन काढा."

"दोनच काढीन."

"काढा. लागलं तर एक रद्द करता येतं."

ती हे बोलली आणि उठून आत गेली, चुलीवर काहीतरी लागत होतं.

सोमवारी मी आठ वाजता स्टेशनवर रांगेत उभा होतो. खिडकीपाशी पोचेपर्यंत साडेदहा झाले. फॉर्मवर पहिलं नाव इलाचं लिहिलं, दुसरं माझं. कोजागरीच्या आदल्या दिवशी हावड्याला पोचेल अशी गाडी मागितली.

कारकुनाने पाहिलं. "पूजेची गर्दी आहे. एकच बर्थ. एक पक्कं, एक वेटिंग. देऊ?"

"दोन्ही पक्की पाहिजेत."

"मग आदल्या दिवशीची बघतो. तीत तर एकही नाही."

"त्याच्या आदल्या दिवशीची?"

"वेटिंग."

"त्याच्याही आदल्या."

मागून कुणीतरी म्हणालं, "ओ काका, एकाचं पक्कं झालंय ना? घ्या आणि निघा. दुसरं होईल नंतर." दुसरा म्हणाला, "कारकून काय तुमच्या पगारावर आहे का?" मी खिडकीची कड दोन्ही हातांनी धरली. मला हलवायचं तर कुणाला तरी माझी बोटं सोडवावी लागली असती.

"विजयादशमीच्या संध्याकाळी सुटणारी," मी म्हणालो. "तिच्यात बघा. देवीचं विसर्जन सोडून त्या दिवशी कुठला बंगाली माणूस गाडीत बसतो?"

त्याने बघितलं. "आहेत. दोन आहेत, एकाच डब्यात. पण विचार करा, म्हाताऱ्या माणसांचं काही सांगता येत नाही. पुढे एखादं रद्द करायचं झालं तर पैसे कापून मिळतील."

"रद्द होणार नाही," मी म्हणालो.

मला वाटतं मी ओरडलो असेन, कारण मागची सगळी रांग गप्प झाली आणि कारकुनाने मान वर करून पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"दोन्ही काढा," मी म्हणालो. "दोन्ही."