काडीवरचा केक

आणखी एक गोळा काडीवरून सुटला आणि वितळलेल्या चॉकलेटात बुडाला. तुळसानं तो चमच्यानं बाहेर काढला, ताटलीत ठेवला आणि सुनेकडं पाहिलं. रश्मी मोबाइलवरचा व्हिडिओ मागं नेऊन पुन्हा पाहत होती. काडीचं टोक आधी चॉकलेटात बुडवायचं, मग गोळ्यात खुपसायचं आणि थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवायचं. हे त्यांच्याकडून राहूनच गेलं होतं.

सांचीचा सहावा वाढदिवस होता. कुठल्याशा व्हिडिओत तिनं काडीवर लावलेले गोल केक पाहिले आणि आमच्या घरी असाच केक असणार आहे, असं वर्गात सगळ्यांना सांगून टाकलं. आंधळगावात तसा केक विकत मिळत नव्हता. म्हणून रविवारी सकाळीच सासू-सुनेनं कुकरच्या तळाला मीठ पसरून त्यात साधा केक भाजला, निवल्यावर कुस्करला आणि साय नि जॅम घालून मळला. पुढचं काम लाडू वळण्यासारखंच होतं. तुळसा गावातल्या शाळेत पोषण आहार शिजवायची. वळण्या-लाटण्याचा तिला कंटाळा नव्हता.

या खेपेला काड्या घट्ट बसल्या. चॉकलेटात बुडवून काढलेले गोळे उभे कशात करायचे, असा प्रश्न आला, तेव्हा तुळसानं घमेलंभर नवं धान आणलं आणि काड्या त्यात खोचल्या. सांची धावत आली. वरून रंगीत बडीशेप टाका, असं तिनं बजावलं आणि आबाजींना सांगायला मागच्या खोलीत पळाली. आबाजी, म्हणजे तुळसाचा नवरा मंगरू, सकाळपासून भिंतीकडं तोंड करून पडला होता. आज धनंजय येणार, हे त्याला कालच कळलं होतं.

प्रफुल्ल, मंगरू-तुळसाचा एकुलता एक मुलगा, तुमसरच्या राइस मिलमधून मोटारसायकलनं परत येताना ट्रकखाली गेला, तेव्हा सांची जेमतेम तीन वर्षांची होती. पुढं वर्ष-दीड वर्ष तुळसानं सुनेचं गप्प राहणं पाहिलं. मग एक दिवस तिनंच भावाला सांगितलं, की रश्मीसाठी स्थळ पाहा. रश्मी रडली, सासूशी अबोला धरला. सुनेला घराबाहेर काढायला निघाली, असं शेजारच्या बायका बोलल्या. तुळसा कुणाशी भांडली नाही, पण तिनं विषय सोडलाही नाही. शेवटी गोंदियाचा धनंजय सापडला. तो औषधांच्या दुकानात कामाला होता आणि त्याची पहिली बायको आजारानं गेली होती. मुलीसकट रश्मीला न्यायला तो तयार होता. पुढच्या महिन्यात विहारात लग्न ठरलं.

मंगरूनं लग्नाला कधी नाही म्हटलं नाही. त्याचं एकच म्हणणं होतं, की सांची इथंच राहावी. हे त्यानं फक्त तुळसाला सांगितलं होतं. तुळसाच्या मनातही तेच होतं.

रश्मी गोळ्यांवर बडीशेप भुरभुरत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आई, बाबा काल जेवले नाहीत. मले समजते ते. तुमी म्हणान तं सांचीले इथंच ठेवतो. मी येत जाईन."

तुळसाचा हात थांबला. महिनाभर हेच रश्मीनं म्हणावं, असं तिला वाटत होतं. आता फक्त हो म्हणायचं होतं. तिनं सुनेकडं पाहिलं. रश्मी एकाच गोळ्यावर पुन्हा पुन्हा बडीशेप टाकत होती. गोळा कधीच भरला होता, बडीशेप खाली धानात पडत होती आणि ते तिला दिसत नव्हतं.

"बाप गेला तिचा," तुळसा म्हणाली. "आता मायपण काढून घेऊ काय तिची?"

रश्मीची बोटं चॉकलेटनं भरली होती. तिनं मनगटानं डोळे पुसले आणि दुसरी काडी उचलली.

दुपार कलल्यावर अंगणात मुलं जमली. धनंजय आला तो हातात रंगपेटीचा खोका घेऊन, आणि बसावं की उभं राहावं, हे न कळून दाराशीच थांबला. सांचीनं सगळ्यांना एकेक काडी वाटली आणि त्याच्याही हातात दिली. आधी चाटायचं, मग चावायचं, असं तिनं काकांना समजावलं. त्यानं तसंच केलं. चॉकलेटचा तुकडा त्याच्या पांढऱ्या शर्टावर पडला, तशी मुलं खिदळली. तोही हसला आणि खुर्चीत बसला.

तुळसा मागच्या खोलीत गेली आणि सकाळी रश्मीशी काय बोलणं झालं, ते तिनं मंगरूला सांगितलं.

मंगरू उठून बसला. मग म्हणाला, "मले इचारलं नाही तू."

"इचारलं असतं तं तुमी नाही म्हणले असते," ती म्हणाली. "अन मी आयकलं असतं तुमचं."

ती बाहेर आली. थोड्या वेळानं मंगरूही आला. त्यानं तोंड धुतलं होतं आणि धुतलेला सदरा घातला होता. धनंजय उठायला लागला, तसं त्यानं हातानंच बसायला सांगितलं आणि शेजारची खुर्ची घेतली. गोंदियाला शाळा घरापासून किती दूर आहे, रस्त्यात रेल्वेचं फाटक लागतं का, असं तो विचारत राहिला. फाटक लागतं, पण मी स्वतः सोडायला जाईन, असं धनंजय म्हणाला. मंगरूनं मान हलवली. सांचीनं आणलेली काडी त्यानं हातात धरून ठेवली. चॉकलेट विरघळून बोटांवर आलं, तेव्हा गोळा खाल्ला.

लग्न झालं. सांची गेली. पहिले काही महिने ती फोनवर रडायची, मग रडेनाशी झाली. नवी शाळा, नव्या मैत्रिणी यांच्याबद्दल भराभर बोलायची.

पुढच्या वाढदिवसाला रश्मीनं व्हिडिओ कॉल लावून दिला. सांचीनं नवा फ्रॉक दाखवला, दुकानातून आणलेला मोठा केक दाखवला. पडलेला दातही दाखवला. तेवढ्यात मागून कुणीतरी हाक मारली.

"येतो पप्पा," ती मान वळवून म्हणाली.

आणि थांबली. हळूच पुन्हा फोनकडं वळली. आजीच्या चेहऱ्याकडं पाहत उभी राहिली.

"जा वं बाई," तुळसा म्हणाली. "पप्पा वाट पाहून राहिले."

सांची फोन तसाच टेकवून पळाली. पडद्यावर आता फक्त निळी भिंत आणि कागदी पताकेचं एक टोक दिसत होतं. पलीकडून मुलांच्या टाळ्या ऐकू येत होत्या. फोन बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मंगरूनं खुर्ची जवळ ओढली. दोघं त्या भिंतीकडं पाहत बसले.