अब्बांच्या वजनाची रेंज

शमशुद्दीन तोलणार यांनी आयुष्यात कधी दुसऱ्याच्या काट्यावर विश्वास ठेवला नव्हता, मग विजेच्या स्कूटरच्या जाहिरातीवर काय ठेवणार? मार्केट यार्डातल्या भुसार बाजारात अठ्ठावीस वर्षं पोती तोलणारा हा माणूस स्वतः एकशे एकवीस किलोंचा होता आणि ते कुणापासून लपवत नव्हता. कर्वेनगरच्या दुकानात नम्रता नावाच्या विक्रेतीने "एका चार्जिंगमध्ये नव्वद किलोमीटर" असं म्हणताच त्यांनी विचारलं, "कुणाच्या वजनावर?"

"सर, रेंज रायडरवर डिपेंड असते."

"रायडर समोर उभा आहे."

शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या लेकीला, अफशीनला, मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण गरज तिचीच होती. दुकानाजवळच्याच कॉलेजात तिला आर्किटेक्चरची जागा मिळाली होती आणि घर होतं पार हडपसरपलीकडे, मांजरी गावात. बसने जायला दोन तास, यायला दोन. अब्बा म्हणाले होते, "मी सोडीन, मीच आणीन." कॉलेजची जा-ये आणि मधे त्यांचं मार्केट यार्ड, मिळून रोजचे छप्पन्न किलोमीटर. गाळ्यावर चार्जिंगची सोय नव्हती. गाडी तेवढी पळाली तर हे कॉलेज, नाहीतर घराजवळचं, तिला मुळीच नको असलेलं. सोमवारी प्रवेश पक्का करायचा होता.

नम्रताने शनिवार-रविवार गाडी चालवून बघायला दिली. शनिवारी अब्बांनी रजा टाकली आणि पन्नास किलो बाजरीचं पोतं मागच्या सीटवर करकचून बांधलं. अफशीन चव्वेचाळीस, दप्तर सहा. दोन्ही त्यांनी आदल्या दिवशीच काट्यावर घातली होती, तीही समस्त हमालांदेखत.

"तू येऊ नकोस. मधेच बंद पडली तर उन्हात ताटकळशील. घरी बसून आकडे लिही."

पहिला फोन हडपसरहून आला. "ब्याण्णव टक्के. एक रिक्षावाला विचारतोय, काका, पोत्याला हेल्मेट नाही का?"

"मग?"

"म्हटलं, त्याला डोकं नाही."

दुसरा कर्वेनगरहून. "अठ्ठावन्न. पोत्याला कॉलेजात सोडलं."

"म्हणजे?"

"वॉचमनकडे ठेवलं. तू वर्गात असताना गाडीवर नसणार ना? आता यार्डात एकटाच जातो."

अफशीन हसून लोटपोट झाली. पण तिसऱ्या फोनला, पोतं कॉलेजातून परत घेऊन निघताना, एकतीसच टक्के उरले होते आणि तिचं हसू मावळलं. चौथा फोन हडपसरच्या अलीकडून. "सहा. एक जण म्हणतोय, पोतं इथेच उतरवा, पोचाल."

"मग उतरवा की, अब्बा."

"काट्यावर अंगठा ठेवत नसतात, बेटा."

पुढे फोन आला नाही. तासाभराने अब्बा गल्लीच्या तोंडाशी दिसले, गाडी ढकलत, घामाने निथळत, पोतं जागच्या जागी. अशा माणसाची लेक असण्याचा तिला भयंकर अभिमान वाटला.

"एक्कावन्न किलोमीटर," ते ओट्यावर बसत म्हणाले. "पाच कमी."

"राहू द्या. घराजवळच्या कॉलेजातही शिकवतातच की." हे बोलताना तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

अब्बा गटागटा पाणी प्यायले आणि गाडी चार्जिंगला लावून गुडघे चोळत बसले.

रविवारी सकाळी त्यांनी कपाटातून तिचं लायसन्स काढलं. सहा महिने ते तिथेच पडून होतं, कारण स्वारगेटच्या गर्दीत पोरीने एकटीने गाडी घालायची नाही, हा खुद्द अब्बांचा नियम. लायसन्सबरोबर किल्ली तिच्या हातात ठेवून ते म्हणाले, "कॉलेज गाठायचं आणि परत. दप्तर घे, रिकामं नको."

अफशीन चाळीस किलोमीटर फिरून आली तेव्हा अब्बा गल्लीच्या तोंडाशी उभेच होते. तासन्‌तास उभे असावेत.

"अठ्ठेचाळीस टक्के उरलेत," ती म्हणाली. "पण तुमचं काय? तुमचे गुडघे? बसमध्ये उभं राहून जाणार रोज?"

"इतकी वर्षं जातोच आहे."

"गाडी आपल्या दोघांसाठी घ्यायची होती, अब्बा."

"अठ्ठावीस वर्षं माल तोलतोय मी. गाडीवर जास्तीचं काय आहे, ते मला कळू नये?"

अफशीनने बराच वेळ हेल्मेट काढलं नाही. आत ती रडत होती.