कारखान्यांमागच्या गल्लीतला नळ

थोडं जवळ या. मी जालन्यातल्या लोखंडाच्या कारखान्यांमागच्या गल्लीतला सार्वजनिक नळ बोलतोय. आवाज आता फार निघत नाही.

१९८३ साली मला इथं बसवलं. पहिली घागर तुळजाबाईनं भरली. कडेवर तीन वर्षांची बेबीनंदा होती. धावडा गावाहून आलेलं कुटुंब ते. नवरा रामकिसन सळ्यांच्या कारखान्यात लागला, ती बियाणं निवडायच्या शेडमध्ये. तेव्हा मी सकाळ-संध्याकाळ वाहायचो. गावाकडं पाण्याला अर्धा कोस जावं लागायचं, असं ती बायकांना सांगायची आणि मला मोठेपणा वाटायचा.

शहर वाढलं. सळ्यांचे ट्रक, बियाण्यांच्या पिशव्या लांब लांब जाऊ लागल्या. कामासाठी माणसं आली, गल्लीत शंभर घरं झाली. पाणी मात्र तेवढंच राहिलं. आधी मी दिवसाआड यायचो, मग आठवड्यानं. शहाण्णवच्या मार्चात तर बाराव्या दिवशी.

त्या दिवशी सकाळी अकरा वाजता बेबीनंदाचा दहावीचा गणिताचा पेपर होता. आईबाप कामावर होते. ती हॉल तिकीट घेऊन निघाली, आणि नेमका मी खरखरलो. मागच्या खेपेला त्यांचं पाणी हुकलं होतं. कुठल्याशा हापशाचं पाणी पिऊन धाकट्या भावाला कावीळ झाली, तो अजून अंथरुणात होता. ती घरात जाऊन घागरी घेऊन आली.

शेजारची कांताबाई म्हणाली, "तू जाय पेपरला. मी भरते तुझ्या घागरी."

पण कांताबाईचाच नंबर मागं होता आणि माझी धार करंगळीएवढी. बेबीनंदानं धारेकडं पाहिलं आणि थांबली. दोघी-तिघींनी तिला पुढं घेतलं. मीही जोर केला, पण टाकीतच नव्हतं तर मी कुठून आणू? दोन घागरी भरेपर्यंत साडेअकरा वाजले. ती पळत गेली आणि थोड्या वेळानं चालत परत आली. उशीर झाला म्हणून तिला आत घेतलं नव्हतं.

त्यांचं दार माझ्यासमोरच. संध्याकाळी तुळजाबाई आली, भरलेल्या घागरी पाहून खूश झाली. तांब्याभर पाणी घेऊन उंबऱ्यात टेकली.

"पेपर बराबर गेला का?"

"पाणी भरलं, माय."

तुळजाबाईनं तांब्यातलं पाणी परत घागरीत ओतलं. त्या दिवशी ती पाणी प्यालीच नाही.

रामकिसन ऑक्टोबरात पुन्हा परीक्षेला बसवू म्हणत होता. ऑक्टोबरात बेबीनंदा आईशेजारी बियाणं निवडत होती.

दोन वर्षांनी एक साहेब शहरातल्या सोयी लिहून घ्यायला आले. कारखाने किती, वीज किती घरांत. मला पाहून लिहिलं, सार्वजनिक नळ एक.

तुळजाबाई दारातून म्हणाली, "नळ हाय, बराबर. पाणी बारा दिसाला येतं, ते बी लिहा."

त्यासाठी कागदावर रकाना नाही, असं साहेबांनी तिला सांगितलं. वाईट वाटलं त्यांनाही, पण पुढच्या गल्लीत गेले.

आता माझी तोटी तुटलीय, तोंडात कुणीतरी काटकी खोचलीय. समोरून टँकर जातात. तुमच्या हाती कधी या शहराच्या भरभराटीचे आकडे आले, तर त्यात एक नळ धरलेला असेल. तेवढा वजा करून वाचा.