आश्रुबांची तार

आश्रुबा चपला काढून मांडवात शिरले आणि थबकले. गोंधळ सुरू झाला होता आणि तुणतुणं त्यांचंच वाजत होतं. त्यांचं तुणतुणं तर फडक्यात गुंडाळून काखेत होतं!

देवीसमोर मांडलेल्या चौकापुढे त्यांचा भाचा अजिनाथ गात होता, शेजारी सिदू संबळ वाजवत होता. अजिनाथच्या मागे, जिथं बावीस वर्षं आश्रुबा उभे राहिले, तिथं एक स्पीकर ठेवला होता.

दिवाळीत अजिनाथ मोबाइल घेऊन घरी आला होता. "मामा, आठवण म्हणून रेकॉर्ड करतो, तासभर वाजवा की," म्हणाला होता. आश्रुबांनी हौसेनं वाजवलं, वर चहा पाजला. आणि काल याच पोरानं फोन केला, "लिंबागणेशचा गोंधळ रद्द झालाय, मामा. तुमी येऊ नका."

सकाळी यजमान अमरसिंहांनी फोन करून "कधी निघताय?" म्हणून विचारलं, तेव्हाही आश्रुबांना वाटलं, पोराचा काहीतरी घोळ झाला असेल. कसला घोळ! ते खांबाला टेकून बसले.

तिसऱ्या पदाला अजिनाथचा गळा बसायचा, नेहमीच. बसायला लागला की आश्रुबा मागच्या मागे खुंटी सैल करून तार जराशी उतरवत. अजिनाथ नकळत तिच्यामागे खाली यायचा आणि लोक त्याच्या आवाजाचं कौतुक करायचे. त्यालाही ते खरंच वाटायचं. आश्रुबा कधी बोलले नव्हते.

स्पीकरला हे कोण सांगणार? अजिनाथचा आवाज फाटला, पुन्हा फाटला. बायका पदराआड हसू लागल्या. त्यानं सवयीनं मागे पाहिलं, मग मांडवभर पाहिलं. खांबाशी मामा दिसल्यावर त्याचा चेहरा उतरला. त्यानं घाईघाईनं स्पीकर बंद केला.

"मामा, या ना. सांभाळून घ्या."

आश्रुबा उठले. आपल्या जागी जाऊन उभे राहिले, फडकं सोडलं, खुंटी पिळली आणि तार छेडली.

अजिनाथनं सूर लावून पाहिला.

"लई चढी लागली, मामा."

"तुझ्या मोबाइलात हाय, तेवढीच हाय," आश्रुबा म्हणाले. "म्हण."